धुळीचे वादळ: वारा अर्धा, जमीन अर्धी

२३ जानेवारी २०२२ चा रविवार अनेक मुंबईकरांच्या लक्षात असेल. सकाळपासून आकाशावर पांढुरका पडदा होता, भरदुपारी सूर्य चंद्रासारखा फिकट दिसत होता आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाड्यांवर, गॅलरीतल्या तुळशीच्या पानांवर पिठासारखा बारीक थर साचला होता. कमाल तापमान २५ अंशांच्याही खाली राहिले. ही धूळ मुंबईची नव्हती. आदल्या दिवशी तिने कराची झाकोळून टाकली होती आणि तिथून अरबी समुद्र ओलांडून ती गुजरात, उत्तर कोकण आणि पुण्यापर्यंत आली होती.

त्यानंतर सव्वादोन वर्षांनी, १३ मे २०२४ रोजी, मुंबईत पुन्हा ‘धुळीचे वादळ’ आले. या वेळी दुपारीच अंधारून आले, काही मिनिटे सोसाट्याचा वारा सुटला, घाटकोपरला पेट्रोलपंपावर महाकाय जाहिरातफलक कोसळला आणि १७ जणांचा जीव गेला. दोन्ही दिवशी बातम्यांमध्ये शब्द एकच होता, पण या दोन घटनांचे मूळ पूर्णपणे वेगळे होते. पहिलीत वाळवंटाची माती शेकडो किलोमीटरचा प्रवास करून आली होती. दुसरीत वळवाच्या ढगाखालून सुटलेल्या वाऱ्याने शहराचीच धूळ उडवली होती. हा फरक नीट समजून घ्यायचा तर थेट वाळवंटात जावे लागते, कारण तिथे हे दोन्ही प्रकार अगदी स्पष्ट पाहायला मिळतात.

हवामानशास्त्राची व्याख्या अगदी साधी आहे. वाऱ्याने उडालेल्या धुळीमुळे एक किलोमीटरपलीकडचे दिसेनासे झाले, की त्याला धुळीचे वादळ म्हणतात.

वाळू आणि धूळ एक नव्हेत

ज्यांनी खळ्यावरची उफणणी पाहिली आहे, त्यांना या विषयातला पहिला नियम शिकवावा लागणार नाही. उंचावर उभे राहून मळलेले धान्य सुपातून सोडले, की जड दाणे पायाशी पडतात, भूस चार हात दूर जाते आणि अगदी बारीक कुसळे व धुरळा वाऱ्यावर कुठल्या कुठे निघून जातो. वाळवंटात वारा हेच काम करतो.

इथे एकच पारिभाषिक शब्द लागेल, तो म्हणजे मायक्रॉन. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. ढोबळमानाने सांगायचे तर त्याहून जाड कण म्हणजे वाळू आणि त्याहून बारीक कण म्हणजे धूळ. वाळूचा कण वाऱ्याने उचलला तरी लगेच खाली येतो. तो बहुधा कमरेच्या वरही जात नाही. याउलट १० मायक्रॉनचा धूलिकण स्थिर हवेत सेकंदाला एक सेंटीमीटरही खाली येत नाही. एक किलोमीटर उंचीवरून जमीन गाठायला त्याला साधारण दीड दिवस लागतो आणि हवा वरखाली घुसळत असेल तर त्याहून अधिक. कराची ते मुंबई हे अंतर सुमारे ९०० किलोमीटर आहे आणि ताशी ४० किलोमीटरचा वारा ते एका दिवसात कापतो. कराचीची धूळ मुंबईत पोहोचली यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही, हे या हिशेबावरून कळते. कराचीची वाळू मात्र कराचीतच राहिली.

बारीक धूळ सहज उडते, हा समज चुकीचा

कण जितका बारीक तितका तो सहज उडणार, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तसे घडत नाही. परातीत गव्हाचे पीठ घेऊन ते हाताने सपाट थापा आणि त्यावर हलकी फुंकर मारा. फारसे काही उडत नाही, कारण बारीक कण एकमेकांना चिकटून बसतात. आता त्याच पिठावर वरून मूठभर ज्वारी टाका. प्रत्येक दाणा आदळतो तिथून पिठाचा धुरळा उठतो.

वाळवंटात ज्वारीचे काम वाळू करते. वाऱ्याचा वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की प्रथम साधारण ७० ते १०० मायक्रॉनचे वाळूचे कण हलतात, कारण ते चिकटून बसण्याइतके बारीक नसतात आणि वाऱ्याला न जुमानण्याइतके जडही नसतात. हे कण उड्या मारत पुढे सरकतात आणि खाली पडताना जमिनीवर आदळून आणखी वाळू उडवतात, शिवाय मातीच्या ढेकळांत अडकलेली बारीक धूळही मोकळी करतात. वाळूच्या या उड्यांचा बारकाईने अभ्यास राल्फ बॅगनॉल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने १९३० च्या दशकात केला. लिबियाच्या वाळवंटात हिंडताना त्याने जे पाहिले, ते मायदेशी जाऊन वाऱ्याच्या बोगद्यात पडताळून पाहिले. त्याच्या मांडणीतली एक गोष्ट आजही महत्त्वाची आहे: वाऱ्याचा जोर दुप्पट झाला, तर वाहून नेल्या जाणाऱ्या वाळूचे प्रमाण साधारण आठपट होते. म्हणूनच वर्षभरातली बहुतांश धूळ मोजक्या काही दिवसांतच उडते.

यात जमिनीचा वाटा किती मोठा आहे, ते आता ध्यानात येईल. जमीन ओली असेल तर कण सुटत नाहीत. गवताची ठोंबे असतील तर वारा जमिनीला भिडण्याआधीच मंदावतो. अनेक वाळवंटांत मातीच्या वरच्या भागात सूक्ष्मजीवांनी धरलेली एक पातळ खपली असते, दुधावरच्या सायीसारखी. ती शाबूत असेपर्यंत बराच जोराचा वाराही खालची माती सहजासहजी उचलू शकत नाही, परंतु गाडीचे चाक एकदा तिच्यावरून गेले, की ती भंगते आणि पुन्हा धरायला कित्येक वर्षे लागतात.

वारा दोन वाटांनी येतो

पहिली वाट हवेच्या दाबातील फरकाची आहे. एका बाजूला जास्त दाब आणि दुसऱ्या बाजूला कमी दाब असला, की त्यांच्यामधून विस्तृत प्रदेशावर दिवसचे दिवस वारा वाहतो. इराकवरून पर्शियाच्या आखाताकडे उन्हाळ्यात येणारा वायव्येचा ‘शमाल’ हा असा वारा आहे. पूर्व इराण आणि अफगाणिस्तानच्या सीमेवरील सिस्तान भागात तर अशा वाऱ्याचे नावच ‘१२० दिवसांचा वारा’ असे आहे, कारण तो उन्हाळ्यात सुमारे चार महिने वाहत राहतो. या वाटेने आलेली धूळ पसरट असते, उंच चढते आणि दूर जाते. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईत आलेली धूळ याच प्रकारची होती.

दुसरी वाट ढगातून येते आणि ती अधिक घातक असते. एप्रिल ते जून या काळात राजस्थानची जमीन तव्यासारखी तापते, हवा वेगाने वर चढते आणि वर थोडा ओलावा मिळाला, की उंच गडगडाटी ढग तयार होतो. त्यातून पाऊस सुटतो, पण खालची हवा इतकी कोरडी असते की थेंब वाटेतच वाफ होऊन जातात. माठातले पाणी पाझरून वाळताना जसे माठाला गार करते, तसेच ही वाफ होण्याची क्रिया भोवतालच्या हवेला गार करते. गार हवा जड असते आणि ती एकदम खाली कोसळते. अंगणात बादलीभर पाणी एकाएकी ओतले, की ते जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. ही हवाही तशीच पसरते आणि तिच्या पुढच्या कडेवर धुळीची भिंत उभी राहते. ही भिंत एक किलोमीटरहून उंच असू शकते. अरबी भाषेत तिला ‘हबूब’ म्हणतात आणि राजस्थानात ‘आंधी’, तर दिवसा अंधार करणाऱ्या मोठ्या आंधीला ‘काली-पीली आंधी’. ती आली की पारा काही मिनिटांत कित्येक अंशांनी उतरतो. तासाभरात सगळे ओसरते, पण तो तासच जीवघेणा ठरतो.

२ मे २०१८ ची रात्र अशीच होती. भरतपूर, अलवर, धोलपूर आणि आग्रा या भागात आंधीने शंभराहून अधिक माणसे मारली. हे मृत्यू धुळीत गुदमरून झाले नव्हते. रात्रीची वेळ होती, माणसे झोपेत होती, आणि कच्च्या भिंती, पत्रे, झाडे व विजेचे खांब त्यांच्या अंगावर कोसळले. पक्के घर असलेल्यांसाठी जी केवळ वाईट रात्र ठरली, ती मातीच्या भिंतीखाली झोपलेल्यांसाठी अखेरची ठरली, ही गोष्ट आकडेवारीत हरवू नये असे मला मनापासून वाटते. घाटकोपरलाही वाऱ्याने नव्हे, तर वाऱ्याने पाडलेल्या वस्तूने जीव घेतले.

सगळ्या वाळवंटांतून सारखीच धूळ निघते का?

नाही. वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या येतात, पण टेकड्यांमधली बारीक माती वाऱ्याने फार पूर्वीच उडवून नेलेली असते. धुळीचे खरे कोठार म्हणजे आटलेल्या सरोवरांचे तळ, कोरड्या नद्यांची पात्रे आणि नांगरून उघडी टाकलेली शेते, कारण पाण्याने तिथे शतकानुशतके गाळ आणून साठवलेला असतो. जगात सर्वाधिक धूळ उडते ती आफ्रिकेतील चाड देशातल्या बोडेले नावाच्या खोलगट प्रदेशातून, आणि हा प्रदेश म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या एका प्रचंड सरोवराचा तळ आहे. शिवाय त्याच्या दोन बाजूंना तिबेस्ती आणि एनेदी हे डोंगर असल्याने, अरुंद बोळातून वारा जसा जोराने येतो, तसा तो इथेही येतो.

माणूसही अशी कोठारे तयार करतो. मध्य आशियातील अरल समुद्राला मिळणाऱ्या अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी १९६० च्या दशकापासून मोठ्या प्रमाणावर कापसाकडे वळवले गेले. समुद्र आटला, त्याचा तळ उघडा पडला आणि तिथे अरलकुम हे नवे वाळवंट जन्माला आले. तिथून उडणाऱ्या धुळीत मीठ असते आणि शेतांतून वाहून आलेल्या खतांचे व कीटकनाशकांचे अंशही असतात. अमेरिकेत गवताळ मैदाने गव्हासाठी नांगरली गेली, पाठोपाठ १९३० च्या दशकात दुष्काळ पडला आणि मैदानांची माती उडू लागली. १४ एप्रिल १९३५ रोजी तिथे आलेल्या वादळाला ‘काळा रविवार’ हे नाव पडले आणि त्याच महिन्यात अमेरिकेने मृदसंधारणाचा कायदा केला.

आपल्या थरमध्येही हे घडलेले आहे. पूर्वी शेतकरी उंट जुंपून लाकडी नांगराने वरवर नांगरत आणि काही वर्षे जमीन पडीक ठेवत, त्यामुळे सेवण गवताची आणि फोगच्या झुडपांची मुळे जमिनीत शिल्लक राहत. ट्रॅक्टर आल्यावर वाळूच्या टेकड्यांचे उतारही खोलवर नांगरले जाऊ लागले आणि पेरणीपूर्वी, म्हणजे नेमक्या आंधीच्या महिन्यांत, जमीन उघडी पडू लागली. ज्यांना पोट भरण्यासाठी तीच जमीन आहे, त्यांना दोष देणे मला उचित वाटत नाही. पण कारण काय ते स्पष्टपणे सांगायला हवे.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे २०० कोटी टन धूळ हवेत मिसळते आणि त्यातली किमान पाव धूळ माणसाच्या कृतींमुळे उडते.

नैसर्गिक माती आहे, मग अपाय कसला?

हा आक्षेप वारंवार घेतला जातो. फुप्फुसाला मात्र कण कुठून आला याच्याशी देणेघेणे नसते; तो किती बारीक आहे, एवढेच महत्त्वाचे ठरते. १० मायक्रॉनहून मोठे कण बहुधा नाकातच अडकतात. त्याहून बारीक कण श्वासनलिकेत उतरतात आणि अडीच मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसाच्या अगदी टोकाशी असलेल्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात. धुळीबरोबर जिवाणू आणि बुरशीही प्रवास करतात. दमा, दम्यासारखे इतर श्वसनविकार आणि हृदयविकार असलेल्यांना त्याचा त्रास सर्वात आधी होतो. मे २०२२ मध्ये इराकमध्ये एकाच वादळानंतर सुमारे ५,००० माणसांना श्वास घेता येईना म्हणून रुग्णालयात जावे लागले. अशा दिवशी रुमाल बांधल्याने मोठे कण अडतात, पण बारीक कणांसाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्कच लागतो.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. वारा शेतातून मातीचा नेमका बारीक आणि कसदार भाग नेतो आणि मागे जाडी वाळू ठेवतो, म्हणजे शेतकऱ्याचे पीठ उडून जाते आणि त्याच्या वाट्याला खडे उरतात. राजस्थानच्या फलोदी जिल्ह्यातील भडला येथे देशातील सर्वात मोठ्या सौरऊर्जा प्रकल्पांपैकी एक उभा आहे. जिथे ऊन भरपूर तिथेच धूळ भरपूर, त्यामुळे तिथली पॅनेले सतत पुसत राहावी लागतात, आणि तेही पाण्याची टंचाई असलेल्या प्रदेशात. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज आडवे होऊन सहा दिवस अडकले, त्या दिवशीही तिथे सोसाट्याचा वारा आणि धूळ होती.

वाळवंटी रस्त्यावर गाडी चालवताना धुळीची भिंत येताना दिसली, तर रस्ता पूर्ण सोडून कडेला थांबावे, दिवे बंद करावेत आणि ब्रेकवरचा पायही काढावा. हे उलटे वाटेल. परंतु धुळीत मागून येणारा चालक पुढच्या लाल दिव्यालाच रस्ता समजून त्याच्या रोखाने येतो, आणि थांबलेल्या गाडीवर आदळतो.

हीच धूळ जंगल पोसते

केवळ हानीच सांगितली तर चित्र अपुरे राहील. उपग्रहांच्या मोजणीनुसार सहाराच्या पश्चिम टोकावरून दरवर्षी सरासरी सुमारे १८ कोटी टन धूळ अटलांटिक महासागरावर जाते आणि त्यातली पावणेतीन कोटी टन ॲमेझॉनच्या खोऱ्यात पडते. या धुळीत सुमारे २२,००० टन फॉस्फरस असतो. ॲमेझॉनमध्ये पावसाने जितका फॉस्फरस धुऊन जातो, साधारण तितकाच असा परत मिळतो. समुद्रात पडणाऱ्या धुळीतले लोह सूक्ष्म वनस्पतींना मिळते आणि माशांची सगळी अन्नसाखळी तिथूनच सुरू होते.

आपल्या पावसाशीही तिचे नाते आहे. पश्चिम आशिया आणि अरबी समुद्रावरील धूळ ऊन शोषून घेते, त्यामुळे तिथली हवा तापते आणि ओलसर वारे भारताकडे अधिक जोराने ओढले जातात. अशा धुळीनंतर आठवड्याभरात मध्य भारतातला पाऊस वाढतो, असा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मांडला गेला. दुसरीकडे हीच धूळ हिमालयातील बर्फावर बसली, की बर्फ काळवंडतो, अधिक ऊन शोषतो आणि लवकर वितळतो.

सगळा दोष हवामानबदलाचा आहे का?

तापमान वाढले की जमीन लवकर वाळते, दुष्काळ लांबले की गवत मरते, आणि त्या अर्थाने हवामानबदलाचा वाटा नक्कीच आहे. परंतु सगळीकडे धूळ वाढतच आहे, असे म्हणणे चुकीचे ठरेल. या शतकाच्या पहिल्या दीड दशकात वायव्य भारतावरची पावसाळ्यापूर्वीची धूळ कमी झाल्याचे उपग्रहांच्या नोंदींत दिसले, तर त्याच काळात इराक आणि सीरियाच्या पट्ट्यात ती वाढली. त्या पट्ट्यात दुष्काळाच्या जोडीला वरच्या अंगाला अडवलेले नदीचे पाणी होते आणि युद्धामुळे ओस पडलेली शेती होती. सगळे हवामानबदलाच्या माथी मारले, की पाण्याचे वाटप आणि जमिनीचा वापर यांविषयी कोणालाच उत्तर द्यावे लागत नाही.

मग झाडे लावून वाळवंटच संपवावे?

नैसर्गिक वाळवंट हा रोग नाही. सहारा झाकला तर ॲमेझॉनचे काय, हा प्रश्न आहेच. शिवाय जिथे वर्षाला दीडदोनशे मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे दाट झाडे लावली तर ती जमिनीतले उरलेसुरले पाणी पिऊन अखेर वाळतात. आटोक्यात आणायची आहे ती माणसाने उघडी पाडलेली जमीन.

जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने (काझरी) यासाठी रुजवलेली पद्धत मला अतिशय शहाणपणाची वाटते. सरकती टेकडी प्रथम गुरांपासून राखायची. मग खींप, सिणिया, बूई अशा तिथल्याच झुडपांच्या वाळक्या काटक्या टेकडीवर वाऱ्याला आडव्या ओळींत किंवा चौकोनांत रोवायच्या. या काटक्या हातभरही उंच नसतात, पण वाळूच्या उड्या जमिनीलगतच असल्यामुळे त्यांना अडवायला एवढी उंची पुरते. वाळू स्थिरावली, की पावसाळ्यात त्या ओळींच्या आडोशाला गवताचे बी आणि झाडांची रोपे लावायची. चीनमध्ये पाओतौ ते लानचौ हा लोहमार्ग वाळूखाली जाऊ नये म्हणून १९५० च्या दशकात शापोतौ येथे पेंढ्याचे मीटरभर चौकोन रोवले गेले, त्यांच्यामागचे तत्त्वही हेच. अरलच्या कोरड्या तळावर आता सॅक्साउल नावाचे काटक झुडूप लावले जात आहे.

आटलेल्या सरोवरांसाठी मात्र काटक्या पुरत नाहीत. तिथे पाणीच सोडावे लागते आणि पाणी बहुधा सीमेपलीकडून येते. सिस्तानातील हामून सरोवरे अफगाणिस्तानातून येणाऱ्या हेलमंद नदीवर जगतात. इराणला सेकंदाला २६ घनमीटर पाणी मिळावे, असा करार दोन्ही देशांत १९७३ साली झाला. मार्च २०२१ मध्ये सीमेजवळ कमाल खान धरण सुरू झाले आणि जुना वाद पुन्हा पेटला. ज्या वर्षी हेलमंदचे पाणी हामूनपर्यंत पोहोचते, त्या वर्षी वारा पाण्यावरून आणि बोरूच्या बेटांवरून वाहतो. पाणी पोहोचत नाही त्या वर्षी तोच १२० दिवसांचा वारा सरोवराचा तळ उचलून काठावरच्या झाबोल शहरावर टाकतो, आणि २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या नोंदींत अडीच मायक्रॉनहून बारीक कणांच्या बाबतीत जगातले सर्वात प्रदूषित शहर हेच झाबोल होते.